उत्तर भागणारं की भागलं जाणारं?

‘तीन अंकी सर्वांत मोठी अशी संख्या शोधा, जिला ८, १२ आणि १५ या तिन्ही संख्यांनी निःशेष भाग जातो.’

हे उदाहरण समोर आलं की बरीच मुलं ‘सर्वांत मोठी’ एवढंच वाचतात आणि मसावि (महत्तम सामाईक विभाजक) काढायला बसतात. मसावि येतो १. उत्तर तीन अंकी हवं आणि हातात १, म्हणजे पुस्तकातच काहीतरी चुकलंय असं वाटू लागतं. उदाहरण बरोबर आहे, लागतो मात्र लसावि (लघुतम सामाईक विभाज्य). ८, १२ आणि १५ यांचा लसावि १२०. तीन अंकी सर्वांत मोठी संख्या ९९९, तिला १२० ने भागलं की बाकी ३९ उरते. ९९९ मधून ३९ वजा केले की ९६०. झालं उत्तर.

आता याच्या अगदी उलट उदाहरण घेऊ. ‘५.२५ मीटर लांब आणि ३.७५ मीटर रुंद खोलीत सारख्या मापाच्या चौरस फरश्या, एकही न कापता, बसवायच्या आहेत. कमीत कमी किती फरश्या लागतील?’ इथे ‘कमीत कमी’ वाचून लसावि काढला तर २६२५ येतो. म्हणजे सव्वापाच मीटरच्या खोलीत सव्वासव्वीस मीटरची फरशी! खोलीचं चित्र मनात आणलं असतं तर हा आकडा वहीत उतरलाच नसता.

‘सर्वांत मोठी म्हटलं की मसावि, सर्वांत लहान म्हटलं की लसावि’ ही खूण मुलांकडून पाठ करून घेतली जाते. सोप्या उदाहरणांत ती चालते, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो, आणि उदाहरण जरा वळण घेतं तिथे ती दगा देते. तिच्याऐवजी एकच प्रश्न विचारायची सवय लावावी: मला जी संख्या शोधायची आहे ती दिलेल्या संख्यांना भागते, की दिलेल्या संख्या तिला भागतात?

शोधायची संख्या भागणारी असेल तर ती विभाजक आहे. ती दिलेल्यांपैकी सर्वांत लहान संख्येपेक्षा मोठी असूच शकत नाही. ती भागली जाणारी असेल तर ती विभाज्य आहे, आणि (शून्य सोडलं तर) दिलेल्यांपैकी सर्वांत मोठ्या संख्येपेक्षा लहान असू शकत नाही. एवढं आधी ठरलं की उत्तराचा अंदाज आकडेमोडीआधीच येतो. पाठ करून घेतलेली ती खूण कुठून आली तेही यातूनच कळतं. सामाईक विभाजक मोजकेच असतात आणि त्यात १ नेहमीच असतो, त्यामुळे सर्वांत लहान विभाजक विचारण्यात अर्थ नाही. सामाईक विभाज्य संख्या संपतच नाहीत, त्यामुळे सर्वांत मोठी विचारता येत नाही. पण ‘तीन अंकी’ अशी अट घातली की तीही विचारता येते, आणि वर नेमकं तेच झालं.

फरशीचं उदाहरण पूर्ण करू. आधी सगळी मापं सेंटिमीटरमध्ये: ५२५ आणि ३७५. विभाजक, विभाज्य ही भाषा पूर्णांकांची आहे. ५.२५ चे अवयव पाडायला बसायचं नाही. फरशीची बाजू लांबीलाही भागते आणि रुंदीलाही, म्हणून ती विभाजक. फरश्या कमीत कमी हव्यात, म्हणजे फरशी मोठ्यात मोठी हवी. ‘कमीत कमी’ हे शब्द फरश्यांच्या संख्येबद्दल आहेत, आपण शोधतोय ती फरशीची बाजू. हा फरक लक्षात आला की अर्धं काम झालं. मसावि भागाकार पद्धतीने काढू: ५२५ ला ३७५ ने भागल्यास बाकी १५०, ३७५ ला १५० ने भागल्यास बाकी ७५, १५० ला ७५ ने भागल्यास बाकी ०. शेवटचा भाजक ७५, तोच मसावि. लांबीत ७ फरश्या, रुंदीत ५, एकूण ३५. इथे मसावि काढून ‘७५ फरश्या’ असं उत्तर लिहिणारेही बरेच असतात. ७५ हे फरशीचं माप झालं, विचारलीय फरश्यांची संख्या.

याच मापांच्या आयताकृती जागेच्या कडेने, कोपऱ्यांसकट, सारख्या अंतरावर कमीत कमी खांब रोवायचे असतील तर अंतर तेच ७५ सेंमी आणि परिमिती १८०० सेंमी, म्हणून खांब २४. पण फक्त ५२५ सेंमीच्या एका सरळ रेषेवर दोन्ही टोकांना धरून खांब रोवायचे असतील तर अंतरं ७ आणि खांब ८. बंद आकृतीत अंतरं आणि खांब सारखे, सरळ रेषेत खांब एकाने जास्त. घंटांच्या उदाहरणांतही हाच एक निसटतो. १२, १८ आणि ३० मिनिटांनी वाजणाऱ्या तीन घंटा सकाळी ९ वाजता एकत्र वाजल्या, तर संध्याकाळी ६ पर्यंत किती वेळा एकत्र वाजतील? लसावि १८० मिनिटं, म्हणजे ३ तास. ९ तासांत ३ वेळा, आणि सुरुवातीची ९ वाजताची धरून ४.

आता भागाकारात बाकी उरते अशा उदाहरणांकडे. खरी गंमत इथे आहे, आणि चुकाही इथेच जास्त होतात.

‘कवायतीसाठी मुलांच्या ४-४, ५-५ किंवा ६-६ च्या रांगा केल्या तर प्रत्येक वेळी ३ मुलं उरतात. ७-७ च्या रांगा केल्या तर एकही उरत नाही. मुलं कमीत कमी किती?’

उरलेल्या ३ मुलांना क्षणभर बाजूला बसवा. मैदानावर जी मुलं राहिली त्यांच्या संख्येला ४, ५ आणि ६ या तिन्ही संख्यांनी भाग जातो. म्हणजे ती विभाज्य आहे, लसाविच्या पाढ्यातली. ४ म्हणजे २ × २, ६ म्हणजे २ × ३, आणि ५ मूळ संख्या. ४ साठी दोन वेळा २ घेतला की ६ ला लागणारा २ त्यातच मिळतो, तो पुन्हा घ्यायचा नाही. ५ एकदा, ३ एकदा. लसावि ६०. आता बाजूला बसलेल्या ३ जणांना परत बोलवा. मुलांची संख्या ३, ६३, १२३, १८३... यांपैकी एक असणार. ७ ची अट लावून पाहू. ३ ला ७ ने भाग जात नाही, ६३ ला जातो. उत्तर ६३.

या उदाहरणात चुका दोन जागी होतात. पहिली म्हणजे ७ लाही लसाविमध्ये ओढणं. ४, ५, ६ आणि ७ यांचा लसावि ४२०, त्यात ३ मिळवून ४२३. पण ४२३ ला ७ ने भागलं तर ३ उरतात, आणि ७ च्या रांगांत तर कुणीच उरायला नको. ही चूक पडताळ्यात लगेच पकडली जाते. दुसरी चूक लबाड आहे. लसावि न काढता ४ × ५ × ६ = १२० असा सरळ गुणाकार करायचा आणि त्यात ३ मिळवत पुढे जायचं: १२३, २४३, ३६३, ४८३. यात ७ ने भाग जाणारी पहिली संख्या ४८३. पडताळा पाहा: ४८३ ला ४, ५, ६ ने भागल्यास बाकी ३, आणि ७ ने भागल्यास ०. सगळ्या अटी पूर्ण होतात! तरीही उत्तर चूक, कारण ६३ तिच्यापेक्षा लहान आहे आणि १२० च्या उड्या मारताना ती मधल्या मध्ये सुटली. अटी पाळल्या जातात का एवढंच पडताळा सांगतो. उत्तर ‘कमीत कमी’ आहे का, हे तो सांगत नाही. त्याची हमी फक्त लसावि अचूक असण्यातून मिळते. त्यातून प्रश्नात ‘मुलं ४०० ते ५०० च्या दरम्यान’ असं असेल तर चुकीच्या रीतीनेही ४८३ हेच बरोबर उत्तर येतं, आणि मुलाला आपली रीत चुकलीय हे कधी कळतच नाही. म्हणून वही तपासताना नुसतं उत्तर पाहू नये.

६३ नंतर पुढची संख्या ४८३ हे एकेक करून तपासल्याशिवायही कळतं. ६० ला ७ ने भागलं तर बाकी ४. म्हणजे प्रत्येक पावलाला ७ ची बाकी ४ ने पुढे सरकते: ६३ ला ०, १२३ ला ४, १८३ ला १ (८ मधून ७ गेले), २४३ ला ५, ३०३ ला २, ३६३ ला ६, ४२३ ला ३ आणि ४८३ ला पुन्हा ०. सात पावलांत बाक्यांचा फेरा पूर्ण होतो, म्हणून उत्तरं ४२० च्या अंतराने येतात. ‘अमक्याने भागल्यास इतकी बाकी’ या जातीच्या उदाहरणांसाठी आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमाराला ‘कुट्टक’ नावाची रीत मांडली होती. मोठ्या संख्यांना एकमेकींनी भागत, जणू कुटून बारीक करत, न्यायचं अशी ती रीत. वर मसावि काढताना ५२५ आणि ३७५ यांचं जे केलं, त्याच कुळातली.

बाकी सगळीकडे सारखी नसेल तर? ४ ने भागल्यास ३, ५ ने भागल्यास ४, ६ ने भागल्यास ५ उरतात, आणि ७ ने भाग जातो. इथे मुलांना बाजूला बसवून उपयोग नाही, कारण दर वेळी वेगळी संख्या बसवावी लागेल. पण नीट पाहिलं तर प्रत्येक वेळी एकच मूल कमी पडतंय. एक जास्तीचं मूल बोलवा, सगळ्या रांगा भरतात. म्हणून संख्या ६० – १ = ५९, १२० – १ = ११९, अशा. ५९ ला ७ ने भाग जात नाही, ११९ ला जातो, कारण ७ × १७ = ११९. बाकी मिळवायची की कमी पडणारा एक वजा करायचा, हे आकड्यांकडे पाहूनच ठरतं. त्याचं सूत्र पाठ करायची गरज नाही.

विभाजकाच्या बाजूनेही बाकीची उदाहरणं येतात. ‘११५ वह्या आणि १८७ पेन्सिली काही मुलांना सारख्या वाटल्या, तेव्हा ७ वह्या आणि ७ पेन्सिली उरल्या. मुलं किती असू शकतील?’ उरलेलं आधी काढून ठेवा: १०८ वह्या, १८० पेन्सिली. मुलांची संख्या या दोन्हींना भागते, म्हणून ती मसाविची विभाजक. मसावि ३६, त्याचे विभाजक १, २, ३, ४, ६, ९, १२, १८, ३६. ही सगळी उत्तरं लिहून मोकळं व्हायचं नाही. ७ वह्या उरल्या म्हणजे मुलं ७ पेक्षा जास्तच असणार. ६ मुलं असती तर उरलेल्या सातांतून प्रत्येकाला आणखी एकेक वही मिळाली असती. बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते, हा नियम इथे खऱ्या अर्थाने कामाला येतो. उत्तरं फक्त ९, १२, १८ आणि ३६.

याच उदाहरणात ‘७’ सांगितलंच नाही, एवढंच म्हटलं की वह्या आणि पेन्सिली सारख्याच संख्येने उरल्या, तर? बाकी माहीत नाही, पण दोन्हीकडे ती सारखी आहे, म्हणून वजाबाकीत ती नाहीशी होते: १८७ – ११५ = ७२. मुलांची संख्या ७२ ची विभाजक. जास्तीत जास्त ७२ मुलं, आणि तेव्हा दोन्हीकडे ४३ उरतात. ताडून पाहा: ७२ + ४३ = ११५, १४४ + ४३ = १८७.

विभाजकांची यादी करताना एखादा सुटतो ही नेहमीची तक्रार. उपाय जोड्यांचा. ३६० खुर्च्या आयताकृती मांडायच्या आहेत, प्रत्येक रांगेत १२ पेक्षा कमी नकोत आणि २५ पेक्षा जास्त नकोत, तर मांडण्या किती? १ × ३६० पासून सुरू करा: २ × १८०, ३ × १२०, ४ × ९०, ५ × ७२, ६ × ६०, ८ × ४५, ९ × ४०, १० × ३६, १२ × ३०, १५ × २४, १८ × २०. पुढे जायचं कारण नाही, कारण १९ × १९ = ३६१, म्हणजे ३६० च्या पुढे गेलो. जोडीतला लहान विभाजक १८ च्या पुढे असूच शकत नाही. १२ जोड्या, २४ विभाजक. ही संख्या वेगळ्या वाटेने तपासता येते: ३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५. विभाजक तयार करताना २ हा ०, १, २ किंवा ३ वेळा घेता येतो, असे ४ पर्याय. ३ साठी ३ पर्याय, ५ साठी २. ४ × ३ × २ = २४. यादीत २४ नसतील तर काहीतरी सुटलंय. आपल्या अटीत बसतात १२, १५, १८, २० आणि २४, म्हणून मांडण्या ५. संख्या पूर्ण वर्ग असेल, जशी ३६, तर शेवटची जोडी ६ × ६. तिथे विभाजक एकच मोजायचा, म्हणून पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते.

हरवलेल्या अंकांची उदाहरणं विभाज्यतेच्या कसोट्यांवर चालतात. ‘४क७ख ही चार अंकी संख्या ३६ ने विभाज्य आहे, तर क आणि ख शोधा.’ ३६ ची कसोटी कुणी पाठ केलेली नसते, ती ४ आणि ९ मधून बनवायची. ६ आणि ६, किंवा ३ आणि १२ यांमधून नाही. कारण ४ आणि ९ सहमूळ आहेत, त्यांच्यात १ सोडून सामाईक काही नाही. ३ आणि १२ मध्ये ३ सामाईक आहे, त्यामुळे एकच ३ दोन्ही कसोट्या पार करून जातो. ४२७२ घ्या: तिला ३ ने भाग जातो, १२ नेही जातो, ३६ ने जात नाही. अंकांची बेरीज १५, ९ ची कसोटी तिथेच थांबवते. तर ४ साठी शेवटचे दोन अंक ७२ किंवा ७६ हवेत. ख = २ घेतला तर माहीत असलेल्या अंकांची बेरीज १३, पुढचा ९ चा पट १८, म्हणून क = ५ आणि संख्या ४५७२. ख = ६ घेतला तर बेरीज १७, म्हणून क = १ आणि संख्या ४१७६. दोन उत्तरं. एक मिळालं की थांबण्याची सवय इथे निम्मे गुण घालवते. आधी ४ ची कसोटी लावली याला कारण आहे: तिने ख चे दहा पर्याय दोनवर आणले. ९ ची आधी लावली असती तर क आणि ख दोन्ही मोकळेच राहिले असते.

७ ची कसोटी मुलं टाळतात, पण ती सोपी आहे. शेवटचा अंक काढून त्याची दुप्पट उरलेल्या संख्येतून वजा करायची. ४८३ साठी ४८ – ६ = ४२, भाग जातो. का चालते? उरलेला भाग अ आणि शेवटचा अंक ब असेल तर संख्या १०अ + ब. (अ – २ब) ची दहापट करून तीत २१ब मिळवले की नेमकी तीच संख्या येते, आणि २१ ला ७ ने भाग जातोच.

शेवटी अवयवांचं एक उदाहरण, कारण यात वरचं जवळजवळ सगळं लागतं. ‘चार मैत्रिणींची वयं क्रमागत संख्या आहेत. वयांचा गुणाकार २४०२४. वयं किती?’ शेवटचे तीन अंक ०२४, ८ ने भाग जातो, उरले ३००३. अंकांची बेरीज ६, पण ९ ने भाग जात नाही, म्हणून ३ एकदाच, उरले १००१. ७ ची कसोटी: १०० – २ = ९८, जातो, उरले १४३, आणि ते ११ × १३. तर २४०२४ = २ × २ × २ × ३ × ७ × ११ × १३. आता हे अवयव हवे तसे जुळवून ८, २१, ११, १३ असं लिहिलं तर गुणाकार बरोबर येतो, पण संख्या क्रमागत नाहीत. मोठ्या मूळ अवयवापासून सुरुवात करा. १३ कुठल्यातरी एका वयात आहे. ते वय २६ असेल तर चारही वयं २३ किंवा त्याहून जास्त, आणि गुणाकार अडीच लाखांच्या वर जाईल. म्हणून ते १३ च. ११ चंही तसंच: २२ हे वय १३ च्या जवळपास येत नाही, म्हणून ११. मग १२ मध्ये आलंच. चौथं वय १० किंवा १४. १० असेल तर गुणाकाराच्या एकक स्थानी ० यायला हवं, इथे ४ आहे. वयं ११, १२, १३, १४.

यात एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. टोकाच्या दोन वयांचा गुणाकार ११ × १४ = १५४, मधल्या दोन वयांचा १२ × १३ = १५६. कोणत्याही चार क्रमागत संख्यांत या दोन गुणाकारांमध्ये नेहमी २ चाच फरक असतो. त्यामुळे चौघांच्या गुणाकारात १ मिळवला की या दोन गुणाकारांच्या मधल्या संख्येचा पूर्ण वर्ग मिळतो: २४०२५ = १५५ × १५५. १ × २ × ३ × ४ = २४ वर करून पाहा, मग २ × ३ × ४ × ५ = १२० वर.